गार्नर स्टेट पार्क, फ्रिओ नदीकाठ : आरव्ही की तंबू? (आई-बाबा सोबत आहेत)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला येऊन बारा वर्षं झाली, पण कॅम्पिंगचा अनुभव म्हणजे मुलाच्या शाळेच्या मैदानावर काढलेली एक रात्र, तीही पावसाने अर्ध्यात आटोपलेली. सध्या सांगलीहून माझे आई-बाबा आलेत. मॉल झाले, देऊळ झालं, नासा झालं. आता बाबा म्हणतात, "नदीवर ने कुठंतरी. इथं नुसते कालवे दिसतात."

कुणीतरी रद्द केलेलं गार्नर स्टेट पार्कचं एक बुकिंग नशिबाने मिळालं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, गुरुवार ते रविवार. पाणी आणि वीज असलेली जागा आहे. आता घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची, बाथरूमची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घ्यायचीय, मला तंबू हवाय. आम्ही सहा जण : आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५, बाबा ७१, आई ६६. आईचे गुडघे दुखतात. कृपया अनुभवाचे बोल सांगा.

पडीक
आरव्ही. धागा संपला. पण संपणार नाही हे माहीत असल्याने पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सह्यभटक्या
तंबू, अर्थातच. नदीकाठी जाऊन पत्र्याच्या डब्यात एसी लावून झोपायचं असेल तर ह्यूस्टन काय वाईट आहे?

आता कामाचं. गार्नरची जमीन म्हणजे वर इंचभर माती आणि खाली चुनखडीचा दगड. तंबूसोबत येणाऱ्या त्या बारीक खुंट्या पहिल्या फटक्यात मान टाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून फूटभर लांबीच्या जाड लोखंडी खुंट्या घ्या आणि खरी हातोडी घ्या, रबराची नको. ऑक्टोबरात दिवसा नदीत उतरता येईल इतकं ऊन, पण पहाटे पन्नाशीत (फॅरनहाइट) उतरतं. अंगाखाली जे घालाल ते अंगावरच्यापेक्षा महत्त्वाचं. थंडी खालून लागते.

आणि रात्री दहानंतर पार्कात शांतता पाळावी लागते. त्या शांततेत नदीचा आवाज तंबूत येतो, आरव्हीत येत नाही.

ऑस्टिनची_माई
@सह्यभटक्या, रात्री दोन वाजता जमिनीवरून उठून चप्पल शोधून टॉर्च घेऊन बाथरूमपर्यंत चालत जाणारी सहासष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी बाई डोळ्यांसमोर आणा आणि मग नदीचा आवाज ऐका.

सह्यभटक्या
माई, खाट मिळते की. घडीची.

ऑस्टिनची_माई
खाट बाथरूमला घेऊन जाते का?

डिझेलदादा
दोघंही थांबा. मी गेली सहा वर्षं आरव्ही चालवतोय. आधी भाड्याची, मग स्वतःची, आणि आता ती विकायच्या विचारात. तेव्हा निःपक्षपाती आहे असं समजा.

पहिल्यांदा घेत असाल तर २५ फुटांच्या आतली घ्या. साधं लायसन्स चालतं. नवऱ्याला सांगा, वळताना मागचं टोक बाहेर फेकलं जातं. पेट्रोल पंपाच्या खांबांना बहुतेक ओरखडे त्यामुळेच असतात. सॅन अँटोनियोवरून ९० नंबरने सबिनाल आणि तिथून १२७ ने पार्कजवळचं कॉनकॅन गाव धरा. फोन कधी कधी ३३७ सारखा डोंगरातला रस्ता सुचवतो. ३३५, ३३६, ३३७ हे मोटरसायकलवाल्यांचे लाडके रस्ते आहेत. माझ्या बायकोने एकदा त्या वळणांवर मागच्या फडताळातलं सगळं डिनर सेट पायाशी घेतलं होतं.

वीज : जागा ३० अँपिअरची असेल तर ३० गुणिले १२० व्होल्ट, म्हणजे ३६०० वॅट. ऐकायला पुष्कळ वाटतं. एसी साधारण १५००, पाणी तापवायचा विजेचा गीझर १४००, इन्स्टंट पॉट १०००. झाली बेरीज, पडला ब्रेकर. आपली मंडळी हमखास इथेच मार खातात, कारण आपल्याला आंघोळ, वरणभात आणि गारवा एकाच वेळी लागतो. गीझर गॅसवर टाका, प्रश्न मिटला.

गाडी समतल उभी करा. गॅसवरही चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या फ्रिजला तिरकेपणा सोसत नाही. चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे ठोकळे भाड्याच्या सामानात आहेत का ते आधी बघा.

आणि आता तो विषय. संडासाचं पाणी ब्लॅक टँकमध्ये जातं, सिंक आणि शॉवरचं ग्रे टँकमध्ये. नवशिके डंप स्टेशनवर (हे टँक रिकामे करायच्या जागी) आधी ग्रे सोडतात. उलट करायचं. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. ब्लॅकची झडप तीन दिवस बंदच ठेवा. उघडी ठेवली तर पाणी वाहून जातं आणि जे मागे राहतं त्याचा टँकमध्ये डोंगर होतो. मी तो पाहिलाय. जास्त सांगत नाही, कुणी जेवत असेल.

पडीक
पॉपकॉर्न ठेवून दिले.

कोथरूड_ते_कर्जत
धागा वाचून धन्य झालो. तिकडे टेक्सास स्टेट पार्कचं बुकिंग म्हणे पाच महिने आधी उघडतं. आम्ही शुक्रवारी दुपारी पवनेच्या एका तंबूवाल्याला व्हॉट्सअॅप करतो, संध्याकाळी तिथे. तंबू लावलेला, गादी घातलेली, बार्बेक्यू, नाश्त्याला पोहे. फक्त शांतता मागू नका. एका बाजूला 'झिंगाट', दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी वाढदिवस, आणि पहाटे तीनला एक जण गिटार काढतो ज्याला दोनच कॉर्ड येतात.

वऱ्हाडी_ठेचा
हौ ना बाप्पा. त्या गिटारवाल्याले मी बी भेटलो हावो. सगळीकडं तोच असते.

फिरस्ती
रच्याकने, गार्नरलाही नाच असतो बरं का, पण वेगळा. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी नदीकाठच्या दगडी पॅव्हिलियनवर ज्यूकबॉक्स लावून लोक नाचतात. १९४० च्या दशकापासून चालत आलंय. आजोबा-आजी, त्यांची मुलं, नातवंडं सगळे बूट आपटत असतात. ते पॅव्हिलियन आणि जुन्या केबिन्स मंदीच्या काळात रूझवेल्टच्या सीसीसी योजनेतल्या बेकार तरुणांनी बांधल्या, पार्क १९४१ ला उघडलं. नाव जॉन नान्स गार्नरचं. रूझवेल्टचा उपाध्यक्ष, राहणारा जवळच्या युव्हाल्डीचा. ऑक्टोबरात मात्र नाच नसतो.

कोल्हापुरी_डॅलस
भावांनो, नाच राहू द्या, जेवणाचं बोला. तांबडा-पांढरा चुलीवर करायचा बेत होता आमचा. गेलो तर आग लावायला बंदी. कोरडा मोसम असला की बर्न बॅन लागतो. तेव्हा गॅसची शेगडी जवळ ठेवा आणि निघायच्या आधी पार्कला विचारून घ्या. लाकडं पण घरून नेऊ नका. तिकडं ओकच्या झाडांना ओक विल्ट नावाचा रोग लागतो, लाकडातनं पसरतो. तिथलीच विकत घ्यायची.

दुसरं म्हणजे रॅकून. हातभर लांब, पण डोकं तलाठ्याचं. आमचा कूलर बाकाखाली होता, वर दगड ठेवला होता. रात्री खुडबुड झाली, टॉर्च मारला तर दोघं बसलेत आणि मधे श्रीखंडाचा डबा. झाकण नीट काढून बाजूला ठेवलेलं! आम्हाला बघून पळाले पण नाहीत. एक तर बोटं चाटत होता.

ऑस्टिनची_माई
आम्रखंड होतं की साधं?

कोल्हापुरी_डॅलस
केशर-वेलची. म्हणून तर राग आला.

तीर्थप्रसाद
संध्याकाळी नदीकाठी 'बसण्याची' सोय कशी आहे? मित्रासाठी विचारतोय.

डिझेलदादा
टेक्सासच्या स्टेट पार्कात उघड्यावर दारू पिणं किंवा दाखवणं नियमात बसत नाही. मित्राला ताक पाजा.

चष्मेबद्दूर
मजा चालू आहे, पण एक गंभीर गोष्ट राहतेय. २०२५ च्या जुलैत, ४ तारखेच्या पहाटे, ग्वादालूप नदीला जो पूर आला तो विसरू नका. हंट गावाजवळ पाऊण तासात नदी २६ फूट चढली. टेक्सासच्या या टापूत शंभरहून जास्त माणसं गेली, त्यांत कॅम्पला आलेल्या लहान मुली होत्या. फ्रिओ वेगळी नदी आहे, पण डोंगर तेच आहेत. उघडा चुनखडीचा दगड, त्यावर पातळ माती. पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यांत उतरतं. या पट्ट्याला इथले लोक फ्लॅश फ्लड अ‍ॅली म्हणतात. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि पाऊस तीस मैल वर पडलेला असतो.

तीर्थप्रसाद
उगाच म्हाताऱ्या माणसांना घाबरवू नका हो. ऑक्टोबरात कसला पूर? दुष्काळ चालू असतो तिकडे. २०२२-२३ च्या उन्हाळ्यात तर फ्रिओत ट्यूब तरंगायची मारामार होती, लोक ट्यूब डोक्यावर घेऊन दगडांतून चालत होते.

चष्मेबद्दूर
दोन्ही खरं आहे. एरवी घोट्याएवढी नदी म्हणूनच माणूस गाफील राहतो. हिल कंट्रीत, म्हणजे याच डोंगराळ पट्ट्यात, ऑक्टोबरातही मोठे पूर येऊन गेलेत. घाबरा असं म्हणत नाही. हवामानखात्याच्या इशाऱ्यांसाठी फोनचे अलर्ट चालू ठेवा, डोंगरात रेंज जाते म्हणून बॅटरीवरचा वेदर रेडिओ घ्या, आणि उजेडात एकदा बघून ठेवा की पाण्यापासून वर जायची वाट कुठली. गाडीने पाण्यातून जायचं नाही. इतकंच.

कोथरूड_ते_कर्जत
@तीर्थप्रसाद, जून २०२४ मध्ये लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एक कुटुंब मधल्या खडकावर एकमेकांना धरून उभं होतं, तो व्हिडिओ पाहिला असेल. तिथेही पाच मिनिटांपूर्वी पाणी घोट्याएवढंच होतं. चष्मेबद्दूर यांना +१.

तीर्थप्रसाद
मान्य. शब्द मागे घेतो.

गवती_चहा
आरव्ही की तंबू यात तिसरा पर्याय कुणीच कसा सांगितला नाही? गार्नरला स्क्रीन शेल्टर आहेत. चार भिंती, त्यांना खिडक्यांऐवजी जाळी, खाली सिमेंटची जमीन, वीज आणि दिवा. पलंग नसतो, बाथरूम बाहेर. आईंसाठी घडीची खाट नेली की काम झालं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "ही तर आमच्या गावची पडवी." केबिन मिळाली तर त्याहून उत्तम, पण ती मिळणं म्हणजे गणपतीत कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं.

आणि संध्याकाळी आकाश बघा. कॉनकॅनजवळच्या फ्रिओ बॅट केव्हमध्ये उन्हाळ्यात कोटीभर वटवाघळं राहतात. सूर्य मावळला की धुरासारखी बाहेर पडतात. गुहा खाजगी जागेत आहे, त्यामुळे वाटाड्यासोबतच जाता येतं, पण तुरळक पाहुणे पार्कातही दिसतात. पुढे थंडीत ती मेक्सिकोला जातात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार! शेल्टर बघितलं, शिल्लक नाही. आईला सगळा धागा वाचून दाखवला. ब्लॅक टँकपाशी तिने "पुढे जा" म्हणून सांगितलं. बाबांनी मात्र पुराचं पोस्ट दोनदा वाचायला लावलं. सध्याचा तह असा : आई-बाबा आणि धाकटा आरव्हीत, आम्ही तिघं शेजारी तंबूत. त्याच जागेवर तंबू लावता येईल का हे पार्कला फोन करून विचारलं, हो म्हणाले. आता खुंट्या आणायच्यात.

पडीक
तह म्हणजे दोन्हीचा खर्च. नवरे असेच हरतात.

कारवाँवाला
अवांतर : महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलंय. पण आपल्याकडे डंप स्टेशन कुठे शोधायचं आणि घाटात २५ फुटी गाडी समोरून एसटी आली तर कुठे घ्यायची, यावर कुणी अनुभव लिहील का?

कोथरूड_ते_कर्जत
वेगळा धागा काढा. इथे धाग्याचं काश्मीर करू नका.

ऑस्टिनची_माई
कृष्णाकाठ, ऑक्टोबर अर्धा सरला. जाऊन आलात की नाही? वृत्तांत कुठंय?

कृष्णाकाठ
आलो, आलो. आठवडाभर नुसते कपडे धुतेय. सविस्तर लिहिते.

जाताना नवऱ्याने पंपाचा एकही खांब पाडला नाही. पोचेपर्यंत अंधार पडत आला होता, त्यामुळे ठोकळे घालून गाडी समतल करायचा कार्यक्रम हेडलाइटच्या उजेडात झाला. बाबा वाटीत पाणी घेऊन आत ओट्यापाशी उभे आणि "डावीकडं अजून बोटभर" म्हणून ओरडतायत. स्पिरिट लेव्हल त्यांनी नाकारली.

पहिल्याच रात्री ब्रेकर पडला. डिझेलदादांचं सगळं पाठ होतं, गीझर गॅसवर टाकला होता. पण आईने खिचडीला इन्स्टंट पॉट लावला, मुलांनी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न, आणि एसी कुणीतरी बंद करायचा विसरला. काळोख. बाबा खुशीत म्हणाले, "आलं लोडशेडिंग!" आणि खिशातून मेणबत्ती काढली. सांगलीहून आणलेली.

आरव्हीबद्दल आईचं मत : "एवढे पैसे भरून दुसऱ्याच्या घरात भांडी घासायला आले." पण रात्री दोनदा उठली आणि चार पावलांवर बाथरूम होतं, हेही तिनेच सकाळी सांगितलं. माई जिंकल्या.

तंबूबद्दल माझं मत : पहाटे तीनला मी दोन स्वेटर आणि मुलाची टोपी घालून बसले होते. त्याच वेळी बाहेर कुणीतरी कर्कश ओरडलं. मुलगा घाबरला. सकाळी आरव्हीसमोर पाच-सहा हरणं चरत होती. पांढरे ठिपके, लांब शिंगं. बाबा चहाचा कप घेऊन बघत राहिले. "अरे, हे तर चितळ!" मला वाटलं, म्हातारपण. रेंजरला विचारलं तर खरंच चितळ. १९३० च्या दशकात कुणी शिकारीच्या हौसेने भारतातलं हे हरीण टेक्सासात आणलं आणि ते इथल्या डोंगरांत पसरलं. त्यानंतर तीन दिवस बाबा त्यांच्याशी मराठीतच बोलत होते.

आता नदी. फ्रिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये थंड, आणि नाव अगदी खरं आहे. झऱ्याचं पाणी, तळाचा प्रत्येक गोटा दिसतो. काठाला सायप्रसची झाडं, त्यांची मुळं गुडघ्यासारखी पाण्यात रोवलेली. आई पहिल्या दिवशी काठावर खुर्ची टाकून बसली, दुसऱ्या दिवशी खुर्ची पाण्यात नेली, तिसऱ्या दिवशी पाय सोडून दोन तास बसली आणि म्हणाली, गुडघ्याला बरं वाटतंय. वैद्यकीय पुरावा मागू नका.

बाबा मात्र पाण्याकडे कमी आणि झाडांकडे जास्त बघत होते. मला हाक मारून वर बोट दाखवलं. एका सायप्रसच्या दुबेळक्यात, माझ्या डोक्यावर दोन पुरुष तरी उंचीवर, वाळलेल्या गवताचा पेंढा आणि एक ओंडका अडकलेला. "इथवर आलंवतं पाणी," एवढंच म्हणाले. सांगलीत आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोका, आणि २०१९ ला ५७ च्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या चौथ्या पायरीवर पाणी होतं. ती पायरी ते अजून ओलांडून जातात. मग त्यांनी आमची जागा ते वरचा रस्ता हे अंतर पावलांनी मोजलं आणि नवऱ्याला गाडी तोंड रस्त्याकडे करून लावायला सांगितली. रात्री किल्ली दाराच्या खिळ्याला. तिन्ही रात्री पाऊस थेंबभरही नव्हता. कुणी वाद घातला नाही.

ओल्ड बाल्डी नावाची पार्कातली टेकडी चढलो. वाट जेमतेम अर्धा मैल, पण छातीवर येते आणि लोकांच्या बुटांनी दगड घासून संगमरवरासारखे गुळगुळीत झालेत. धाकट्याला अर्ध्या वाटेवरून नवऱ्याने खाली नेलं. वरून नदीचं वळण बघून थोरला म्हणाला, "आजोबांची मिशी."

डंपिंगचं : नवरा हातमोजे, मास्क आणि पोहण्याचा चष्मा घालून गेला. आधी ब्लॅक, मग ग्रे. परत आल्यावर आईने त्याला दारातच थांबवलं आणि पायावर पाणी घातलं.

डिझेलदादा
पोहण्याचा चष्मा! सहा वर्षांत हे सुचलं नाही.

चष्मेबद्दूर
बाबांना नमस्कार सांगा.

कोल्हापुरी_डॅलस
रॅकून आला का?

कृष्णाकाठ
आला. श्रीखंड आरव्हीच्या फ्रिजात होतं. बिचाऱ्याने तंबूतली माझी एक चप्पल नेली.

ऑस्टिनची_माई
आई काय म्हणतायत, पुन्हा येणार का?

कृष्णाकाठ
विमानतळावर जाईपर्यंत "नाही" होतं. काल सांगलीहून फोन आला, केबिनचं बुकिंग नक्की कधी उघडतं म्हणून.

सह्यभटक्या
सगळं छान. माझ्या मुद्द्याचं कुणीच बोलत नाही. लोखंडी खुंट्या नेल्या होत्यात का?

कृष्णाकाठ
नवरा म्हणाला तंबूसोबत आहेत त्याच बास. चौदापैकी नऊ वाकल्या. दहावी अजून दगडात आहे.